सतरा नंबरची हजेरी

सरांनी मला आयुष्यात एकदाही नावानं हाक मारली नाही. पाचवीत, वसतिगृहात आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा अठ्ठावीस मुलींना उंचीप्रमाणं उभं केलं, एका टोकाकडून आकडे म्हणायला लावले आणि माझ्या वाट्याला सोळा आला. पुढं उंची वाढली, लग्न झालं, आडनाव बदललं, सोळा काही सुटला नाही. माझ्या लग्नात ते स्टेजवर आले, नवऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आमच्या सोळाला सांभाळा. भित्री आहे, पण पळते चांगली." नवऱ्याला मी त्या रात्री सोळाचा अर्थ समजावला. भित्रीचा समजवावा लागला नाही, तो त्याला आठवड्याभरात आपोआप कळला.

मी पालीला भिते, लिफ्टला भिते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भिते. पण सगळ्यात जास्त मी सरांना भ्यायचे. आणि नववीपासून त्या भीतीत एक वेगळी भीती मिसळली होती, ती पंचवीस वर्षं माझ्या पोटात होती. कळसूबाईवर मी काय केलं, ते सरांना कळलं तर?

सर मारकुटे नव्हते. नगरच्या आमच्या मिशनच्या शाळेत छड्या खाण्यासाठी दुसरे शिक्षक होते. सर आम्हाला भूगोल शिकवायचे, संध्याकाळी खो-खो, आणि रविवारी प्रार्थनेनंतर डोंगर. उंच, वाळका माणूस. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर तिरका टाकलेला दोर. हा दोर ते बाजारात जातानाही टाकायचे. शर्टाच्या एकाच खिशात शिट्टी आणि प्रार्थनेचं छोटं पुस्तक असायचं, त्यामुळं पुस्तकाला शिट्टीचा गोल वळ पडला होता. नाताळात ते लाल झगा आणि कापसाची दाढी लावून यायचे. लहान मुलं बुटांकडं बघून म्हणायची, "सर, गोळ्या द्या ना." तरी ते दरवर्षी आपल्याला कुणी ओळखलं नाही अशाच थाटात घरी जायचे.

राग आला की ते गप्प व्हायचे. तेवढंच. माझे वडील मिरजगावला शेतात ओरडायला लागले की दोन बांधांपलीकडं ऐकू जायचं आणि पाच मिनिटांत विसरलं जायचं. सरांचं गप्प बसणं तसं नव्हतं. त्या शांततेत आपण काय काय केलंय ते आपल्याला एकेक करून आठवायला लागायचं.

प्रत्येक नव्या मुलीला एक परीक्षा असायची. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड होतं. त्याच्या तिसऱ्या बेचक्यापर्यंत चढायचं आणि आपल्याला कशाची भीती वाटते ते तिथून ओरडून सांगायचं. कुणी "साप!" ओरडली, कुणी "गणित!" एक जण "माझा बाप!" असं ओरडली, तेव्हा खाली सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते सायकलवर तिच्या गावाला गेले. तिथं काय बोलले माहीत नाही, पण नंतर ती सुट्टीत घरी जायला रडेनाशी झाली. माझी पाळी आली तेव्हा मी फांदीला कवटाळून, डोळे मिटून ओरडले, "तुम्ही!" सर इतके हसले की खिशातली शिट्टी खाली पडली.

"मला कशाला भितेस?" मी उतरल्यावर ते म्हणाले. "भ्यायचं ते फक्त एकाला." आणि बोट वर केलं. "बाकी सगळं बघून घेऊ."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. सामन्याआधी प्रार्थना व्हायची तेव्हा ते देवाकडं विजय मागू द्यायचे नाहीत. "पलीकडच्या पोरी पण त्याच्याच आहेत. पायाला लागू नये एवढं मागा, उरलेलं तुमच्या पायांनी करा." आमच्यात हिंदू होत्या, मुसलमान होत्या, सगळ्याच हात जोडायच्या, जी ती मनात आपापली सोय करून घ्यायची. त्यावर त्यांनी कधी काही विचारलं नाही.

मोजणीचं मात्र त्यांना वेड होतं. डोंगरावर दर टप्प्याला हजेरी. आपापला आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि सर डोळे मिटून ऐकायचे. आम्हाला वाटायचं, प्रार्थना करतायत. मोजून झालं की "चला." अठ्ठावीस आकडे पुरे झाल्याशिवाय तो "चला" येत नसे. हजेरीच्या आधी एक गोष्टही ठरलेली होती. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. चौथ्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा मला राहवलं नाही. आमच्या भागात मेंढरं पाहतच आम्ही मोठ्या झालो.

"सर, आमच्याकडचा मेंढपाळ असं न्हाई करायचा," मी म्हणाले. "माघारी नव्याण्णवांवर लांडगा आला तर?"

सर थांबले. उत्तर देतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "हजेरी द्या."

माझ्यानंतर सतरा. सतरा म्हणजे रेश्मा. कोल्हारची, वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. माझ्याहून बोटभर उंच, आणि पळायला लागली की समोरची पोरगी हातात सापडलीच म्हणून समजा. राज्याच्या संघात जाईल असं सर उघड म्हणायचे, आणि सर कुणाचं उघड कौतुक करत नसत. रेश्मा चिंचेवरून काय ओरडली होती माहितीय? "मला काय भीतीच न्हाई वाटत!" सरांनी तिला परत वर पाठवलं होतं. "विचार करून सांग."

नववीत आम्ही कळसूबाईला गेलो. भादवा होता. डोंगरावर जायचं तर सरांच्या बायको, आमच्या बाई, नेहमी बरोबर असत. मुलींच्या अडचणी त्यांना सांगायच्या, सरांना नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. त्या दिवशी बाईंचा गुडघा सुजला म्हणून त्या पायथ्याच्या बारी गावातच थांबल्या. वर सर एकटे आणि आम्ही अठ्ठावीस.

चढताना ऊन होतं. वर पोचलो, देवीच्या देवळापाशी डबे खाल्ले आणि उतरायच्या बेताला धुकं आलं. पुढच्या मुलीची वेणी दिसेना. वरच्या अंगाला लोखंडी शिड्या आहेत, त्या ओल्या झाल्या होत्या. पुढचीचे पाय लोखंडावर वाजतात ते ऐकायचं आणि त्या आवाजामागं आपला पाय टाकायचा.

पहिल्या शिडीच्या वर हजेरीसाठी थांबलो तेव्हा रेश्मानं माझा हात दाबला. तिचे महिन्याचे दिवस होते आणि बाई नव्हत्या.

"मी त्या खडकामागं जाऊन आलेच," ती कानात म्हणाली. "माझा नंबर तू म्हन."

"सरांना सांगू या ना."

"येडी हायेस का? सरांना काय सांगू? म्हन गं, आलेच मी."

ती धुक्यात गेली. आकडे पुढून येत होते. चौदा. पंधरा. मी "सोळा" म्हणाले, आणि मग मान वळवून, घोगरा आवाज काढून, "सतरा." मागून अठरा आला, एकोणीस आला, अठ्ठावीसपर्यंत सगळे आले. सर क्षणभर थांबले. "चला."

ही पहिली वेळ, आणि ती मी मैत्रिणीसाठी केली. हे मी स्वतःला आजवर हजारदा सांगितलंय.

शिडी उतरून मी वर बघत राहिले. धुक्यातून पाय वाजतील म्हणून कान देऊन उभी होते. पाय वाजले नाहीत. मागच्या मुली ढकलायला लागल्या, रांग पुढं सरकली. आता येईल, आता येईल करत दुसऱ्या शिडीच्या खाली पोचलो आणि सरांचा आवाज आला, "हजेरी." तेव्हा सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की सतरा मागं आहे. पण मग सर विचारणार, आधीचा सतरा कुणी म्हटला? आणि ते गप्प होणार, त्या सगळ्या धुक्यात गप्प. माझा आकडा आला, मी म्हटला. मग दुसराही म्हटला. घोगऱ्या आवाजात.

ही दुसरी वेळ मैत्रीची नव्हती. ती निव्वळ माझी, माझ्या कातडीसाठी होती.

सर ह्या वेळी जरा जास्तच वेळ थांबले. मला वाटलं, संपलं. पण "चला" आला.

पायथ्याशी ऊन होतं. बाई चहाच्या टपरीपाशी उभ्या होत्या. उजेडात तोंडं दिसत असताना खोटं बोलायची सोय नव्हती. हजेरीत सोळानंतर कुणीच बोललं नाही. सर परत म्हणाले, "सतरा?" पंधराकडं बघून, अठराकडं बघून, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "शेवटी कुठं पाहिलीस?"

"खालच्या शेतापाशी, सर. ओढ्याच्या इथं. माझ्या मागंच होती."

गावातली माणसं ओढ्याकडं धावली. बाई पदर तोंडाला लावून बसल्या. मी चहाच्या टपरीच्या खांबाला धरून उभी होते आणि वरच्या अंगाला बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर कुणाला तरी कळलं असतं. दोन तास ते ओढ्यात, भातशेतात, करवंदीच्या जाळ्यांत हाका मारत होते. त्या दोन तासांत मी कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं, ते मलाच माहीत. मग सर एकाएकी शोध सोडून उभे राहिले. दोर खांद्यावर सरळ केला आणि एकटेच शिड्यांच्या वाटेला लागले. "अवो मास्तर, ती खाली हाय म्हनं ना!" गावातला एक जण ओरडला. सरांनी मागं वळून पाहिलं नाही.

दिवस मावळायच्या आत ते तिला पाठुंगळीला बांधून घेऊन आले. धुक्यात वाट चुकून ती दोन पुरुष खोल एका कपारीत पडली होती. कारवीच्या झुडपांना अडकली म्हणून वाचली. ओरडून ओरडून तिचा घसा गेला होता. उजव्या गुडघ्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती पहिलं काय बोलली? "नंबरचं कुनाला सांगू नको हां. आई जीव घेईल माझा." आणि मग म्हणाली, "पुढच्या शिडीला मी न्हाई आले म्हटल्यावर तू सांगितलंस ना सरांना?"

"हो," मी म्हणाले.

"तरी धुक्यामुळं लई येळ लागला त्यांना," ती म्हणाली आणि उशीवर मान टाकली.

शाळेच्या कमिटीत सरांना बोलावलं. दाराबाहेर आम्ही उभ्या होतो. आत बरीच माणसं तावातावानं बोलत होती आणि सरांचं एकच वाक्य बाहेर आलं, "मोजणी माझी होती. चूक माझी आहे." त्यानंतर त्यांनी मुलांना घेऊन डोंगरावर जाणं कायमचं बंद केलं. एकटे जायचे. भिंगारच्या घरातून पहाटे निघून चांदबिबीच्या महालाच्या टेकडीवर, रोज, रविवारची प्रार्थना सोडली तर न चुकता. रेश्माचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. सरांनी तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि मैदानाच्या कडेला खुर्ची टाकली. आम्ही पळायचो आणि ती वेळ सांगायची. मी तिच्या खुर्चीसमोरून पळताना नेहमी जमिनीकडं बघायचे.

दर नाताळात मी सरांकडं जायचे. बाई करंज्या द्यायच्या, सर विचारायचे, "सोळा, रेश्मा कशी आहे?" ती कोल्हारला शिलाईचं दुकान चालवते, दोन मुलं आहेत, हे मी सांगायचे, आणि सगळा वेळ एकाच धास्तीत बसायचे. हे दोघं कधी एकत्र बसले, बोलता बोलता शिड्यांचा विषय निघाला, तर? ती म्हणेल, "हिनं तर दुसऱ्या शिडीलाच सांगितलं होतं." मग सर माझ्याकडं बघतील आणि गप्प होतील. करंजी हातात तशीच राहायची.

दोन वर्षांपासून सर विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. बाईंना वाईट वाटायचं. मला वाईट वाटायचंच, पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटायचं. ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

गेल्या महिन्यात सकाळी सातला बाईंचा फोन आला. मी नागापूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला निघाले होते. "अगं, सर घरात नाहीत. दोर पण नाही. आणि बाहेर बघ किती धुकं आहे." त्यांचा आवाज कापत होता. मी स्कूटी वळवली. सगळं नगर ओलांडताना मला समोरच्या गाड्या दिसत नव्हत्या आणि डोक्यात फक्त लोखंडावर न वाजलेले पाय होते. टेकडीच्या वाटेवर मी हाका मारत चढले. दम लागून मधे दोनदा बसावं लागलं.

अर्ध्या वाटेवर ते दगडावर बसलेले सापडले. खांद्यावर दोर. एक बूट चिखलानं भरलेला. माझ्याकडं पाहिलं, पण ओळख दिसली नाही.

"बाई, तुम्ही खाली जा," ते मला म्हणाले. "मला नाही येता यायचं. माझी एक पोर मागं राहिलीय."

"कोण, सर?"

"सतरा." मग जवळ सरकून हळू आवाजात, "तिचा आकडा दुसरीनंच म्हटला. सोळा नंबरच्या पोरीनं. आवाज बदलून."

मी मागं वळून पाहिलं, वाटेवर कुणी नव्हतं.

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या शिडीला नुसती शंका आली. दुसऱ्या शिडीला कळलं. पोरींचे आवाज मला कळणार नाहीत?"

"मग थांबला का नाहीत, सर?"

त्यांनी हाताच्या तळव्याकडं पाहिलं. "पुढं सत्तावीस होत्या. शिड्या ओल्या. एकटा होतो. म्हटलं, ह्यांना खाली पोचवू, मग येऊ. मेंढपाळाची गोष्ट सांगणं सोपं आहे, बाई." त्यांनी चिखलाचा बूट दगडावर घासला. "खाली आल्यावर ती पोर म्हणाली, ओढ्यापाशी होती. खोटं होतं. पण मला ते खरं असायला हवं होतं. परत त्या शिड्यांवर जायचं धाडस होईना. भ्यालो मी. दोन तास ओढा धुंडाळला. ती वर ओरडत होती."

मला रडू आवरेना. त्यांनी माझा हात धरला.

"हे कुणाला बोलू नका. त्या सोळाला तर मुळीच नको. भित्री पोर आहे ती. तिला वाटेल, तिच्यामुळं झालं."

पंचवीस वर्षं मी ज्यांच्यापासून लपत होते, ते पंचवीस वर्षं मलाच झाकून उभे होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले. "सर, मीच सोळा."

त्यांनी डोळे बारीक केले. कुठून तरी जुनं ओढून आणल्यासारखा चेहरा झाला, आणि मग अचानक पाठ ताठ करून त्यांनी डोळे मिटले. "सोळा?"

"हजर, सर."

"सतरा?"

त्या धुक्यात मी तोंड उघडलं आणि ह्या वेळी जे तेव्हा म्हणायला हवं होतं ते म्हटलं. "सतरा मागं आहे, सर. मला सांगून खडकामागं गेली होती. थांबायला लागेल."

"मग थांबू," सर म्हणाले, आणि दगडावर नीट टेकून बसले.

मी त्यांना खाली चला म्हणत होते, ते हलत नव्हते. बाई घरी जिवाला घोर लावून बसल्या असतील. शेवटी मी मोबाईल काढला आणि कोल्हारला फोन लावला. रेश्मा दुकान उघडत होती, मागं शटरचा आवाज येत होता.

"काय गं एवढ्या सकाळी?"

"सर हजेरी घेतायत. आम्ही टेकडीवर आहोत. तुझा नंबर म्हण."

ती हसली, मग माझा आवाज ऐकून हसायची थांबली. मी मोबाईल सरांच्या कानापाशी धरला.

"सतरा," फोनमधून आवाज आला. "हजर हाय, सर."

सरांनी डोळे मिटलेलेच ठेवले. डोकं जरासं कलतं केलं. मग त्यांचा सगळा चेहरा सैल पडला.

"हा तिचा आवाज," ते म्हणाले. "हा तिचाच आहे. चला."

आणि ते उठून उतरायला लागले, एक हात माझ्या खांद्यावर, पावलं जपून टाकत. दारात बाईंनी त्यांना धरलं आणि आत नेलं. बाहेर पायरीवर बसून मी मोबाईल पाहिला तर फोन अजून चालूच होता. रेश्मानं ठेवला नव्हता.

"पोचले का सर घरी?"

"पोचले."

"एक विचारू? हा तिचाच आवाज, असं का म्हनले ते? माझा नंबर दुसरं कोन म्हननार? पहिल्या शिडीला तू म्हनलीस तेवढंच ना?"

आतून बाईंचा रडतानाच हसायचा आवाज येत होता. मी उत्तर दिलं नाही म्हणून ती म्हणाली, "काय गं? हायेस ना?"

"हजर आहे," मी म्हणाले. मग तिला सांगायला लागले, दुसऱ्या शिडीपासून.